धुऱ्यावरची एकदांडी

वावरात पाय ठेवला की सगळ्यात आधी दिसते ती एकदांडी, अन् कोणी बघत नाही तेही तिच्याकडेच. कोणी कंबरमोडी म्हणते, कोणी दगडी पाला, नाव काहीही घ्या. जमिनीला चिकटून पसरलेली खरखरीत, लव असलेली पानं अन् मधूनच वीतभर एकच दांडी सरळ वर गेलेली, टोकाला पिवळं बारकं फूल. भोवतीच्या फिक्या पाकळ्या जरा वाकून बघा, एकेकीच्या टोकाला तीन दाते कातरल्यासारखे असतात, मस्त दिसतात.

पावसाळाभर निंदणाऱ्या बाया हिला उपटतात, डवरा फिरतो, तरी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत ही परत हजर. फूल वाळलं की बियांना पिसं फुटतात अन् वाऱ्यासंग उडत जातात, मग कुठं कुठं उपटणार? बरं, ही मूळची आपली नाहीच, तिकडच्या उष्ण अमेरिकेतली. अन् गंमत अशी की युनायटेड स्टेट्सच्या सरकारनं हिला उपद्रवी तणांच्या यादीत टाकलंय.

पण सोयाबीन सोंगताना बोटाला इळा लागू द्या, मग बघा. "काहून बसली बोट धरून? एकदांडी आन ना लवकर!" पाच-सात पानं तळहातावर चोळायची, आधी नुसतं खरखरतं, मग एकदम हिरवागार रस सुटतो, तो जखमेवर पिळायचा, चांगलंच झोंबतं, वरून चोथा ठेवून चिंधी बांधायची अन् परत कामाला लागायचं. रक्त थांबतं, हे तर वावरात राबणाऱ्या कोणालाही विचारा. उंदरांवर प्रयोगही झालेत, अन् जखम भरायला हिचा अर्क मदत करतो असं त्यात दिसलं. म्हणजे बायांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

आता काही लोक शुगरवर काढा प्या, केसाला लावा, बीपीला घ्या, असं काहीही फॉरवर्ड करत बसतात. माझं साधं मत आहे, खरचटलं-कापलं तर ठीक, पोटात घ्यायच्या भानगडीत पडू नका. अन् खोल जखम असली, इळा गंजका असला तर पाला बांधून बसू नका, धुवा अन् सरळ धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, कारण धनुर्वाताचे जंतू मातीत अन् शेणातच असतात आणि आपला पालाही तिथलाच.

दुसरी भीती फवाऱ्याची. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, तेव्हापासून आमची काकू धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कोणत्याच पाल्याला हात लावत नाही. तणनाशक तर आता धुऱ्यावरच मारतात, त्यातून वाचलेली पानं उघड्या जखमेवर कशी चोळायची? म्हणून तिनं घरामागच्या सांदवाडीत न्हाणीच्या पाण्यावर एकदांडी वाढवली, मुद्दाम तण लावते म्हणून सगळे हसले, पण ती झाली बाकी जोमात, शेजारच्या पोरांनाही गुडघे फुटले की तिथूनच पाला जायचा. मग एक दिवस फाटक उघडं राहिलं अन् बकरीनं सगळी साफ केली. काकू बकरीवाल्याशी अजून बोलत नाही.