वेअरवुल्फ कादंबरी, दुसरा खर्डा: माळावर झालेली झाडाझडती

पहिला अर्धा भाग वाचकांकडून परत आला. कुणी प्रिंटआउटच्या समासात पेन्सिलीनं लिहिलंय, कुणी व्हॉइस नोट पाठवल्यात, आणि एका काकूंनी थेट घरी बोलावून पोह्यांबरोबर माप काढलं. आपल्यातले बरेच जण असंच काहीतरी लिहितायत, म्हणून आलेली मतं आणि त्यांवर मी काय ठरवलं ते मांडून ठेवते.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी गोष्ट दोन ओळींत. सासवड-जेजुरी ओलांडून सुप्याकडे जाताना लागणारा माळ. सई ही सरकारी पशुवैद्यक, मेंढ्यांना लस टोचत वाड्या-वस्त्या फिरते. बिरू हा एका धनगरवाड्यावर राखणीला राहिलेला अनोळखी गडी. तो लांडगा होतो. बाकी प्रेमकथा.

सगळ्यात जास्त वेळा आलेली तक्रार: "जंगल कुठंय?" मोबाइलवर मालिका वाचणाऱ्या मंडळींना वेअरवुल्फ म्हटलं की बर्फ, देवदार, धुकं आणि लाकडी केबिन लागते. एकीनं तर लिहिलं, "ताई, निदान ताम्हिणीला तरी न्यायचं होतंस." ताम्हिणी सुंदर आहे, पण आपला लांडगा तिथला नव्हे. तो उघड्यावरचा प्राणी. अंगानं किरकोळ, लांब पायांचा, वीसेक किलोचा, बर्फाळ देशांतल्या भावंडांसारखी जाड लोकर नसलेला. मातकट रंग असा, की उन्हाळ्यात वाळलेल्या पवन्या गवतात बसला तर वीस पावलांवरून दिसायचा नाही. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य पाचेक चौरस किलोमीटरचं आहे, चिंकारांसाठी प्रसिद्ध. त्याच्या चौफेर शेतं, पडीक म्हणून नोंदलेली गवताळ राने आणि हल्ली प्लॉटिंगचे बोर्ड. लांडगे या सगळ्यातून फिरतात. त्यांना अभयारण्याची हद्द ठाऊक नाही.

या मुद्द्यावर मी हटणार नाही, कारण कादंबरीतला प्रणयच माळावर उभा आहे. दाट जंगलात दोन माणसं एकमेकांना अचानक भेटतात. झुडपं बाजूला झाली की समोर तो. माळावर तसं होत नाही. समोरून कुणी येत असेल तर पहिल्यांदा ठिपका दिसतो, मग चाल ओळखू येते, मग कपड्यांचा रंग, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. तेवढ्या वेळात दुसऱ्यानं काय करायचं? मेंढी धरून ठेवायची, सिरिंजमधली हवा काढायची, आपण पाहिलंच नाही असं दाखवायचं. सई आणि बिरूची तिसरी भेट मी सबंध अशीच लिहिलीय: तो टेकाडावरून उतरून वाघरीपाशी, म्हणजे मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणापाशी, येईपर्यंत ती सात मेंढ्या टोचते, आणि आठवी दोनदा टोचायला जाते तेव्हा म्हातारा मेंढपाळ नुसता खाकरतो. हा प्रसंग जंगल मागणाऱ्यांनाही आवडला.

माळाचा दुसरा फायदा म्हणजे लपायला जागा नाही. चोरून भेटायचं तर बाभळीची सावलीही पुरत नाही, आणि तिकडे चार वाड्यांवर चार जोडी डोळे. आपल्या गटात "टेन्शन कसं वाढवायचं" हा प्रश्न कायम येतो. माझं मत असं की आडोसा काढून घ्या, अर्धं काम होतं.

चंद्राचा प्रश्न वन्यजीवांचे फोटो काढणाऱ्या एका दादानं उपस्थित केला. त्याचं म्हणणं सरळ होतं: पौर्णिमेला माळावर ससा पळाला तरी कळतो, तुझा हिरो अख्खा बदलतोय आणि कुणाला पत्ता नाही? बरोबरच आहे. पौर्णिमेची सक्ती तशीही फार जुनी नाही. जुन्या युरोपी कथांत कधी कातडं पांघरून, कधी शापानं माणसं लांडगा होतात. पौर्णिमा आणि चांदीची गोळी यांची गाठ घट्ट बांधली ती मुख्यतः विसाव्या शतकातल्या सिनेमानं. म्हणून बिरू आता अमावास्येला बदलतो.

आणि अमावास्या घेतली की जेजुरी आपोआप येते. अमावास्या सोमवारी आली की सोमवती, खंडोबाची पालखी गडावरून कऱ्हेच्या स्नानाला निघते, भंडाऱ्यानं रस्ते पिवळे. मी मध्यबिंदूचा प्रसंग तिथं हलवला. बिरू दिवसा गर्दीत पालखीबरोबर चाललाय, येळकोटच्या गजरात त्याच्या डोक्यावर मूठमूठ भंडारा पडतोय. रात्री सई वाड्याजवळ टॉर्च मारते, एक लांडगा क्षणभर थबकतो आणि वळतो. त्याच्या कानामागच्या केसांत, मानेच्या वळणात, हळद. ती दुसऱ्या दिवशी बिरूला काही विचारत नाही. फक्त गरम पाणी आणि साबण पुढे ठेवते. "एवढं एक प्रकरण वाचून मी उरलेलं माफ केलं," असं काकूंनी सांगितलं. त्या कौतुकाच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या आहेत, त्यामुळे हे लिहून ठेवणं भाग आहे.

आता अल्फा. इथं वाचक उभे फाटले. निम्म्यांना गुरगुरणारा, मालकी हक्क सांगणारा, कळपाचा राजा हवाच. मी तो ठेवलेला नाही. लांडग्यांच्या कळपात सतत सत्तेची मारामारी चालते ही कल्पना मुळात कोंडलेल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. प्राणी-अभ्यासक रुडॉल्फ शेंकेलचा तो अभ्यास 1947 चा. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांच्या पुस्तकानं अल्फाला प्रसिद्धी दिली, आणि त्यांनीच 1999 मध्ये मोकळ्या रानातल्या लांडग्यांवरून लिहिलं की कळप म्हणजे बहुतेकदा आई-वडील आणि त्यांची पिल्लं. मी हे चर्चेत सांगितल्यावर एक वाचक म्हणाली, "म्हणजे अल्फा म्हणजे फक्त बाबा?" हो. बिरूचा कळप त्यामुळे एकत्र कुटुंबासारखा आहे: आई ठरवते, बाप ऐकतो, थोरला घर सोडून गेलाय आणि त्याचं नाव कुणी काढत नाही. तो थोरला म्हणजे बिरू. मला यात गुरगुरण्यापेक्षा जास्त नाट्य दिसतं.

वेअरवुल्फ प्रेमकथांतलं ठरलेलं सूत्र, म्हणजे नियतीनं जोडलेले जोडीदार, वास आला की जन्माची गाठ, हे मराठी वाचकाला फारसं थरारक वाटत नाही असं दिसलं. आपल्याकडे छत्तीस गुण जुळवून देणारे प्रत्येक पेठेत आहेत. एकानं समासात लिहिलं, "वासानं जमलं, आता मंगळ बघा." ते सूत्र मी पूर्ण काढलं. सईला बिरू हळूहळू आवडतो, तेही तो कोकराची अडलेली वीण निस्तरतो ते पाहून.

सगळ्यात जड मत सुप्याजवळच्याच एका वाचक मुलीचं. तिच्या घरी मेंढरं आहेत. तिनं लिहिलं: "ताई, शिकलेली डॉक्टरीण पुण्याची, आणि जनावर होणारा तेवढा आमच्यातला. हे प्रत्येक गोष्टीत असंच का?" यावर आमचं बरंच बोलणं झालं. मी खंडोबा-बाणाईची बाजू मांडली: देवच चाकर होऊन धनगराच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहतो, बाणाईसाठी. माझा बिरू त्याच वाटेनं आलेला. ती म्हणाली, "अहो, पण तिथं वेष घेऊन येणारा बाहेरचा असतो. वाड्यावरची माणसं आहेत तशीच असतात." यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिची मांडणी गोष्टीला जास्त फायद्याची आहे. त्यामुळे उलटापालट: सई आता वाड्यावरचीच मुलगी, शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून परत आलेली. आणि लांडगा आता सदाशिव पेठेतला. बिरू हे त्यानं वाड्यावर सांगितलेलं खोटं नाव, खरं नाव श्रीनिवास. (दुपारी एक ते चारचा विनोद कृपया कुणी सुचवू नका, आठ जणांनी सुचवून झालाय.) यानं सोडलेला कळप माळावरून उचलून पेठेतल्या वाड्याच्या चौकात आणावा लागेल. जिन्याखाली कोंडलेली अमावास्येची रात्र लिहायला मी आत्ताच उतावीळ झालेय.

तिनंच आणखी एक गोष्ट दुरुस्त केली. माझे मेंढपाळ लांडग्याच्या नावानं नुसते शिव्या घालत होते. तिचे आजोबा शिव्या घालतातच, पण एखादं कोकरू गेलं तर "त्याचा वाटा त्यानं नेला" असंही म्हणतात. राग आणि हिशेब दोन्ही एकाच तोंडात. हे वाक्य तिला विचारून जसंच्या तसं घेतलंय.

किरकोळ मतांत एका वकील वाचकाची शंका भारी होती. खलनायक बंदूक रोखतो ते लांडग्यावर की माणसावर? लांडगा वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे किमान तीन वर्षं. माणूस असेल तर खून. गोळी सुटताना एक आणि पडताना दुसरा असेल तर आरोपपत्र कोण लिहिणार? मी तो ठाणे अंमलदाराचा प्रसंग म्हणून वापरणार आहे. चांदीची गोळी मात्र बाद, चांदीचा भाव बघता खलनायकाला परवडणार नाही.

आणि कपडे. प्रत्येक बाई वाचकानं विचारलं, एकाही पुरुषानं नाही. परत माणूस झाल्यावर काय घालतो? बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीनं एका काव्यात हाच धागा धरलाय: बायको नवऱ्याचे कपडे दुसऱ्याकरवी पळवते आणि तो लांडगाच राहतो. माळावर तर कपड्यांशिवाय बसायचीही सोय नाही, कुसळ सगळीकडे घुसतं. सध्या तो बांधाच्या दगडांत घोंगडी दडवून ठेवतो. ती एके दिवशी तिथून गायब होते, आणि कुणी नेली ते वाचकाला आधी कळतं, त्याला नंतर. हा भाग अजून कच्चा आहे.

शेवटाबद्दल एकमत नाही. पुण्याच्या माळांवर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर होतो हे जनुकीय तपासणीतून 2023 मध्ये सिद्ध झालंय, त्यामुळे "मूल काय होईल?" हा प्रश्न फोटोवाल्या दादानं गंभीरपणे विचारला आणि काकूंनी चहाचा कप खाली ठेवला. मला मूल नकोच आहे कादंबरीत. सईनं बदली मागायची की तिथंच राहायचं, एवढ्यावर मी अडकलेय.

पुढचं काम: श्रीनिवासच्या घरची प्रकरणं नव्यानं, मग सोमवतीचा प्रसंग नव्या बिरूच्या नजरेतून. दुसऱ्या अर्ध्यासाठी वाचक हवेत, विशेषतः मेंढ्यांची वीण स्वतः पाहिलेले कुणी आणि पेठेतल्या जुन्या वाड्यात वाढलेले कुणी. अल्फाप्रेमींचंही स्वागत आहे, पण वाद घालायची तयारी ठेवून या.