पेन्सिलनं उतरवलेलं गाणं

मराठवाड्यात नाताळच्या झाडावर बर्फ पडतो तो कपाशीचा. डिसेंबरात वेचणी चालूच असते. मूठभर कापूस पिंजून फांद्यांवर टाकला की झालं. गव्हाणीच्या देखाव्यात कडबा खरा असतो, कुठं कुठं करडूही खरं असतं, आणि त्याच्याशेजारी उभी राहून पोरं बर्फावरच्या घसरगाडीचं गाणं म्हणतात. ते इंग्रजी 'जिंगल बेल्स' 1857 सालचं, अमेरिकेतलं, आणि त्यात नाताळचा साधा उल्लेखही नाही. तरी ते परभणीत चालतं. कारण दोनदा ऐकलं की तीन वर्षांचं पोरही ध्रुवपद धरतं. नव्या गाण्याची परीक्षा घ्यायची ती इथं.

नोव्हेंबर सरता सरता मोबाइलवर नव्या नाताळगीतांची रीघ लागते. यंदाचं आवडलेलं गाणं कोणतं, असं विचारलं तर खरं म्हणजे दोन याद्या कराव्या लागतात. एक, रात्री कानात इअरफोनची बोंडं खुपसून आवडलेल्या गाण्यांची. दुसरी, घरोघर जाऊन नाताळगीतं गाणाऱ्या घोळक्याबरोबर, म्हणजे कॅरल पार्टीबरोबर, कुणाच्या तरी दारात उभं राहून गाता आलेल्या गाण्यांची. पहिल्या यादीतली बरीचशी दुसरीपर्यंत पोचत नाहीत. दारात कुत्रं भुंकत असतं, आत कुकरची शिट्टी होते, आजोबा मफलर सावरत खुर्ची पुढं ओढतात. त्या गलबल्यात पहिल्यांदा ध्रुवपद झालं की घरची माणसं नुसती बघतात. दुसऱ्यांदा झालं की घरातली आजी ओठ हलवते. तिसऱ्यांदा तिचा आवाज ऐकू आला, तर गाणं पास.

ही परीक्षा सहज पास होतात ती भजनी वळणाची गाणी. यात नवल नाही. पैठणला एकनाथ, नरसीला नामदेव, गंगाखेडला जनाबाई, अशा मुलखातल्या माणसाचा कान एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं यावरच तयार झालेला. ख्रिस्ती गीतांनीही ही वाट फार पूर्वी धरली. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 सालचं, आणि ते ओवीत आहे. पुढं ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं लिहून चर्चच्या मंडळीच्या हातात टाळ दिला. त्यामुळं पेटी, टाळ आणि आठ मात्रांचा भजनी ठेका घेऊन आलेलं नवं गाणं नवं वाटतच नाही. एका ओळीतला अर्धा तुकडा पुन्हा म्हणायला मोकळा ठेवलेला असतो, तिथं घरातलं माणूस आपोआप शिरतं.

गोंधळी थाटाची, हलगीवरची गाणी रस्त्यानं चालताना बहार आणतात. दहा बाय बाराच्या खोलीत मात्र हलगी घेऊन शिरू नये; पाळण्यातलं लेकरू दचकतं आणि मग बाळ येशूच्या पाळण्याचं गाणं कितीही गोड असो, कुणाच्या कानात जात नाही. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवलेली गाणी झटकन पाठ होतात आणि झटकन मरतात. तारणाऱ्याचं नाव घेताना डोळ्यांपुढं नटी नाचायला लागते, त्याला इलाज नाही. हल्ली आलेली संथ, धूसर सुरांची, हळूहळू चढत जाणारी गाणी ऐकायला छान. पण ती एका गळ्यासाठी बेतलेली असतात. शेवटी गायिका एक सप्तक वर उडी मारते, आणि मंडळी खालीच राहते.

तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर-बिलोलीकडं आणखी एक प्रकार पोचतो. तेलुगूत दरवर्षी नाताळची ढीगभर नवी गाणी येतात, चाली फक्कड असतात, आणि कुणीतरी त्या मराठीत आणतं. तिथं गफलत होते ती स्वरान्ताची. तेलुगू शब्द बहुधा स्वरावर संपतो, म्हणून ओळीच्या शेवटी लांबवलेला सूर त्याला शोभतो. मराठीतला 'देव', 'आकाश', 'प्रकाश' उच्चारात व्यंजनावर संपतो. तो ताणला की 'प्रकाऽऽऽश' असा मधेच फुगतो आणि शेवटी 'श' फुस्स होतो. उपाय जुनाच आहे. लांब सुरावर आकारान्त, ईकारान्त शब्द टाकायचा: तारा, राजा, गव्हाणी, आला, झाला. आपल्या नाताळगीतांत 'आला-झाला'चा सुकाळ आहे म्हणून लोक हसतात खरे, पण लिहिणाऱ्यानं ते गाणाऱ्याच्या फुप्फुसासाठी केलेलं असतं. तसंच ऱ्हस्वाचं. 'प्रभु'मधला 'प्र' दोन मात्रा ओढला की अर्थ कळतो पण कानाला खडा लागतो. असा शब्द चालीतल्या तोकड्या जागेवर सरकवावा, नाहीतर सरळ 'येशू' घ्यावा.

गाणं ठरलं की पहिलं भांडण पट्टीचं, म्हणजे पेटीवर सा कुठं धरायचा याचं. यूट्यूबवरचं गाणं बहुतेक वेळा गायिकेच्या सोयीच्या पट्टीत असतं, आणि उत्साही पेटीवाला तीच पट्टी धरतो. पुरुष मग एकतर किंचाळतात किंवा तळात जाऊन गुरगुरतात. पट्टी मूळ गाण्यावरून नाही, गाण्याच्या दोन टोकांवरून ठरवावी. मिश्र घोळक्यात, पोरंटोरं धरून, वरचं टोक पांढरी दोनच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या, पुढं जाऊ नये. बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या. गाणं सा ते तार सा एवढंच फिरत असेल तर सा पांढरी एकला धरावा. मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या प पासून) मध्य धैवतापर्यंत (मधल्या सप्तकातल्या ध पर्यंत) फिरत असेल तर सा पांढरी चारला. म्हणजे तळ पांढरी एकवर येतो आणि माथा बरोबर पांढरी दोनवर. दोन्ही टोकांत सप्तकापेक्षा फार जास्त अंतर असेल, तर ते गाणं एकट्यादुकट्याला द्यावं आणि घोळक्यानं फक्त ध्रुवपद म्हणावं. 'सायलेंट नाइट'सारखं 1818 च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावी पहिल्यांदा, तेही गिटारवर, गायलेलं शांत गीतसुद्धा सप्तक अधिक चार सूर एवढं पसरलेलं आहे. शेवटच्या ओळीत सगळे चिरकतात ते त्यामुळं. त्याचा सा खाली काळी पाचला धरला की माथा काळी दोनवर थांबतो आणि चिरकणं निम्म्यानं कमी होतं. ठेका त्याला दादऱ्याचा, सहा मात्रांचा. ढोलकीवाल्यानं सवयीनं आठ मात्रांचा केरवा धरला तर पाळणागीताची वरात होते.

दुसरं भांडण लांबीचं. ध्वनिमुद्रित गाणं पाच-सहा मिनिटांचं असतं. घरभेटीला एका घरी पंधरा मिनिटं मिळतात: दोन गाण्यांना पाच, प्रार्थनेला तीन, आणि उरलेली करंजी-चकली आणि चहाला, ती कुणी कमी करू देत नाही. पुढच्या घरी चालत जायला पाच मिनिटं. सात ते दहा धरलं तर घरं होतात नऊ. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात वसवलेली ख्रिस्ती वस्ती बेथेल असो की संभाजीनगरची छावणी, हिशेब हाच. म्हणून गाणं कापायचं. मिनिटाला 96 ठोके अशी लय धरली तर सोळा आवर्तनांचं (ठेक्याची एक फेरी चार ठोक्यांची, ठोक्याला दोन मात्रा), म्हणजे 64 ठोक्यांचं कडवं चाळीस सेकंदांत होतं, आणि आठ आवर्तनांचं ध्रुवपद वीस सेकंदांत. तीन वेळा ध्रुवपद, दोन कडवी आणि सुरुवातीला दहा सेकंदांची पेटी, झाली अडीच मिनिटं. आलाप, मधला बासरीचा तुकडा, शेवटचं विरत जाणं, सगळं गाळावं. विरत जाणं फक्त यंत्राला जमतं; दारात ते केलं तर घरच्यांना कळत नाही की गाणं संपलं की तुमचा दम. तिहाई, म्हणजे शेवटचा तुकडा तीनदा घेऊन समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर, थांबावं.

वाद्यांचं दुखणं वेगळं. दिवसा ऊन चटकतं आणि रात्री दव पडतं; परभणीकडं पारा दहाच्या खाली जातो. चामडं ओल धरतं, पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, सैल पडते आणि ढोलकीचा सूर उतरतो. हलगी शेकोटीवर तापवून टणक करतात, ते बघून कुणीतरी ढोलकीही जाळाशी नेतो. ते करू नये. पुडीवरचा काळा लेप, म्हणजे शाई, तडकते, आणि शाई गेली की पुडी गेली. दोन घरांच्या मधल्या वाटेत ढोलकी गोधडीच्या पिशवीत किंवा शालीत गुंडाळावी आणि दोरीच्या कड्या ओढून घ्याव्यात. कीबोर्डवाल्याची गफलत ठरलेली: आधीच्या गाण्याला पट्टी दोन सुरांनी चढवलेली असते, ती शून्यावर आणायची राहते, आणि पुढचं गाणं पेटी एका पट्टीत, कीबोर्ड दुसऱ्या. दोन्ही एका पट्टीत असले तरी जुनी पेटी कीबोर्डला तंतोतंत जुळेलच असं नाही. किंचित फरक असला तरी सुरात लहर उठते आणि गाणाऱ्याला वाटतं आपलाच गळा हलतोय. घरभेटीला दोन्हींतलं एकच न्यावं. माझं मत पेटीला. तिला चार्जिंग लागत नाही.

आणि कीबोर्डच न्यायचा तर ब्लूटूथच्या डब्याला जोडू नये. आवाज बोटापेक्षा अंमळ उशिरा येतो. वाजवणारा त्याची वाट बघत रेंगाळतो, ढोलकीवाला त्याच्यासाठी थांबतो, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत गाण्याची मिरवणूक पांगते. साधी वायर जोडावी. तयार ट्रॅकवर गाणाऱ्यांनी मोबाइल आधी विमान-मोडवर टाकावा, नाहीतर 'स्वर्गी महिमा'च्या सुमाराला बँकेचा फोन येतो. ट्रॅकचा आणखी एक दोष म्हणजे तो कुणासाठी थांबत नाही. आजीनं ध्रुवपद उशिरा धरलं तर पेटीवाला एक आवर्तन जास्त वाजवतो, ट्रॅक निघून जातो. ध्वनिवर्धक असला तर दहाला बंद. देशभराचा तो नियम 2000 सालापासून आहे, आणि मध्यरात्रीपर्यंतची सवलत सरकारनं दरवर्षी ठरवून दिलेल्या मोजक्या दिवसांपुरतीच.

सरावाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊण-पाऊण तासाच्या सहा बैठका पुरतात. पहिल्या दिवशी सूर नकोच. शब्द मोठ्यानं वाचायचे, टाळीवर. चुकीचा जोडाक्षर-उच्चार एकदा सुरात बसला की शेवटपर्यंत निघत नाही. कडवी कागदावर चालतील, मोठ्या अक्षरात, पण ध्रुवपद पाठच हवं. वीस जण मोबाइलमध्ये बघून गायला लागले की वीस निळे चेहरे दिसतात आणि आवाज सगळा छातीवर पडतो. शेवटच्या दोन बैठका उभ्यानं घ्याव्यात, त्यातली एक अंगणात चालत. लय वाढते ती चालतानाच. पहिल्या घरी 96 ला धरलेलं गाणं पाचव्या घरी एकशेवीसला पोचतं, कारण पाय गारठलेले असतात आणि पोरांना पुढच्या घरचे शंकरपाळे दिसत असतात. टाळ घाईच्या माणसाकडं देऊ नये. मंडळीत एखादे तरी संथ काका असतातच, टाळ त्यांचा.

नवी गाणी एका वर्षी दोनच घ्यावीत. बाकीची 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकातली जुनी, सगळ्यांना येणारी. लोक दारात जुन्यावर विसावतात आणि मगच नव्याकडं कान देतात. पहिलं गाणं जुनं, दुसरं नवं. सगळीच नवी घेतली तर घरचे कौतुकानं ऐकतात, टाळ्या वाजवतात. नाताळगीताला टाळ्या मिळाल्या म्हणजे ते एकट्यांनीच म्हटलं असं समजावं.

पेटीच्या खोक्यात बहुधा एक लांबट वही असते, पुठ्ठा उसवलेली, चहाचे गोल डाग पडलेली, चार जणांच्या अक्षरात. समासात पट्टी लिहिलेली असते, 'काळी 1', 'पां. 4', आणि कुठं कुठं 'सावकाश' असा शेरा दोनदा अधोरेखित. नवं गाणं या वहीत पेन्सिलनं उतरवावं. डिसेंबरभर ते घासलं जातं, शब्द बदलतात, एखादं कडवं गळतं. मग एकतीस तारखेच्या रात्रीच्या उपासनेआधी, पेटी अजून उघडलेली नसताना, मागच्या बाकावरून कुणी ते गुणगुणलं तर पेन काढावं आणि ध्रुवपदावरून फिरवावं. दुसरं कडवं सहसा कुणाला आठवत नाही. ते पेन्सिलनंच राहू द्यावं.