हुक उघडला, हरीण सुटलं

खोकडासाठी लावलेल्या फासात हरणाचं काय काम, असं कुणालाही वाटेल. पण अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या पाणथळ भागात हिवाळ्यात सगळ्यांची वाट एकच होते. पाणकणसाच्या दाटीतून बर्फात जी चिंचोळी वाट पडते, तिच्यावरून रात्री लाल खोकड जातं, कोयोटी (लांडग्यासारखा पण लहान प्राणी) जातो आणि पांढऱ्या शेपटीची हरणंही जातात. आम्हाला हवं असतं ते खोकड, तेही जिवंत आणि धडधाकट. रेडिओ कॉलर घालून आम्ही ते तिथेच सोडून देतो. हरीण अडकलंच, तर आमची वाट न बघता त्याला निघून जाता आलं पाहिजे. ते काम ज्या तुकड्याचं असतं, तो ब्रेकअवे हुक, म्हणजे ठरावीक जोर पडला की उघडणारा हुक, निवडणं माझ्याकडे आहे.

या फासाची केबल पोलादी, ३/३२ इंच जाडीची, लांबी जास्तीत जास्त ७ फूट. तिच्यावर एक स्टॉप दाबून बसवलेला असतो, त्यामुळे फास अडीच इंचांपेक्षा लहान होतच नाही आणि गळा एका मर्यादेपलीकडे आवळला जात नाही. ओढ सैल झाली की लॉकही, म्हणजे केबलवर सरकून फास आवळणारा तुकडाही, सैल होतं. ३५० पौंडांच्या, म्हणजे साधारण १५९ किलोंच्या आत तुटेल किंवा उघडेल असा दुवा हवाच, असा इथला नियम आहे. बाजारात २८५ पौंडांना, म्हणजे साधारण १२९ किलोंना उघडणारे एस-हुकही (इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचे) मिळतात आणि मी तेच घेते. खोकड जेमतेम पाच किलोंचं. त्याच्या ओढीने यांतला कुठलाच हुक उघडत नाही. मग सैल हुक घेण्यात आपलं काहीच जात नाही, आणि हरणाचा जीव वाचण्याची शक्यता वाढते.

पाकिटावरच्या आकड्यावर मात्र विसंबून चालत नाही. हंगामाआधी प्रत्येक खेपेतले काही हुक मी विंचला (ओढायच्या यंत्राला) लावून, मध्ये वजनकाटा अडकवून, उघडेपर्यंत ओढते. शिवाय हुक कुठे बसवलाय तेही बघते. तो लॉकपाशीच हवा. खुंट्याकडच्या टोकाला असला, तर जनावर सुटतं खरं, पण गळ्यात फास घेऊनच पळतं. माझ्या मते त्यापेक्षा न सुटलेलं बरं. निदान सकाळी आम्ही पोचतो तरी.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी माझ्याबरोबर आमच्या चमूतले सगळ्यात जुने ट्रॅपर होते. सत्तरी ओलांडलेले, कमी बोलणारे. ओढ्याच्या वळणावरचा फास जागेवर नव्हता. खुंटा घट्ट होता, केबल लांब ताणून पडलेली, आणि बर्फ दोन हात रुंद पट्ट्यात उधळलेला. हरणाचे खूर स्पष्ट उमटले होते. लॉकमध्ये राखाडी, पोकळ, जाड केस अडकलेले आणि एस-हुकचा एक वाक पार सरळ झालेला. मी गुडघ्यावर बसून आधी रक्त शोधलं. नव्हतं. पुढच्या उडीचे खूर चारही पायांचे, सारखे दाबलेले होते. ते झाडीपर्यंत जाऊन तपासलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

म्हातारबाबांनी हुक हातात घेऊन नीट पाहिला आणि म्हणाले, "हुकाने निम्मंच काम केलंय. उरलेलं या मोकळ्या जागेने."

त्यांचं बरोबर होतं. साठ किलोंचं हरीण नुसतं ओढून १२९ किलोंच्या ओढीला उघडणारा हुक उघडू शकत नाही. ते धावत सुटतं, केबल संपते आणि जो हिसका बसतो त्यात हुक उघडतो. जवळ एखादं रोप असतं, तर केबल त्याला गुंडाळली गेली असती. मग ना हिसका, ना सुटका. म्हणूनच अर्ध्या इंचापेक्षा जाड झुडूपसुद्धा केबलच्या टप्प्यात असता कामा नये. त्या वाटेवर आम्ही फासाच्या वर एक आडवी काठीही लावली. हरीण तिच्यावरून उडी मारतं, खोकड खालून जातं.

पुढच्याच फासात खोकडाची मादी होती. शांत बसलेली. वजन, कॉलर, दातांची तपासणी, सगळं पटापट उरकलं आणि ती गेली.

संध्याकाळी त्या सरळ झालेल्या हुकाचा फोटो मी रत्नागिरीतल्या मित्राला पाठवला. तो बिबट्यांच्या सुटकेसाठी वनखात्याच्या पथकाबरोबर जातो. डुकरासाठी लावलेल्या फासकीत कंबरेला वायर आवळलेला बिबट्या त्याने किती वेळा पाहिलाय. लगेच फोन आला. "अगं, असे हुक इकडे वाटले तर?"

मला हो म्हणायचं होतं. पण हुकाला फक्त जोर कळतो. खोकड आणि हरीण यांच्या वजनात दहापटीहून जास्त अंतर आहे, म्हणून आकडा मध्ये बसवता येतो. बिबट्या पन्नास-साठ किलोंचा, रानडुक्कर तेवढंच किंवा त्याहून जड. डुकराला धरून ठेवील तो हुक बिबट्यालाही धरून ठेवणार, आणि बिबट्याला सोडील तो डुकरालाही सोडणार. असा हुक फासकी लावणारा कशाला घेईल? शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीच शिकार धरली जाते. तिथे सुरक्षित फासकी शोधण्यात अर्थ नाही. बागांच्या कुंपणाकडेने फिरून दुचाकीच्या क्लचवायरी काढत राहणं, आणि डुकराने नासलेल्या शेताची भरपाई शेतकऱ्याला वेळेवर मिळवून देणं, एवढंच उरतं. मित्र म्हणाला, वायरी काढायचं काम तो आठवड्यातून एकदा करतोच आहे, आता गावातल्या पोरांनाही बरोबर घेईल.