शकुंतलेच्या भरावावरून पूर्णेकडे

मूर्तिजापूर ते अचलपूर ही शकुंतला रेल्वेची 76 किलोमीटरांची नॅरोगेज लाइन बंद पडली असली, तरी लाखपुरीच्या बाजूने पूर्णा नदीकडे जाताना तिच्या भरावाच्या कडेने चालण्याइतकी सुखाची वाट आमच्या भागात दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण इथल्या मातीत आहे. कपाशीची ही काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि श्रावणात तर पांदण रस्त्यावरून बैलबंडी काढणेही जिकिरीचे होते. कापूस वाहून नेण्यासाठी ही रेल्वे घालणाऱ्यांनी उंच भराव टाकून त्यावर गिट्टी अंथरली, आणि लहान इंजिनाला खडा चढ झेपत नसल्याने चढउतार अगदी मंद ठेवले. 1994 पर्यंत शकुंतला वाफेवर धावत होती. तिच्या इंजिनासाठी राखलेला तो सौम्य उतार आज म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांनाही मानवतो. रुळांमधले अंतर अवघे 762 मिलिमीटर आहे. दोन्ही बाजूंनी बाभळी आत आल्या आहेत, पण त्या संपल्या की भरावाच्या उंचीवरून तूर आणि हरभऱ्याची शेते नदीच्या काठापर्यंत दिसतात.

अमेरिकेतील मिझुरी राज्यात बंद पडलेल्या लोहमार्गावर सुमारे 386 किलोमीटरांची केटी ट्रेल ही पायवाट आहे आणि तिचा बराचसा भाग मिझुरी नदीच्या काठाने जातो. तेथील 1983 च्या कायदेशीर तरतुदीनुसार, पुढे कधी रेल्वेची गरज भासल्यास ती पुन्हा सुरू करता यावी म्हणून असा मार्ग अखंड राखता येतो आणि तोवर लोक त्यावरून चालतात. ही व्यवस्था मला फार समंजस वाटते. आम्हाला शकुंतला ब्रॉडगेजवर परत हवीच आहे. पण तोपर्यंत हा भराव नांगरटीत जाऊ नये, त्याची गिट्टी उचलली जाऊ नये आणि गावकऱ्यांना त्याच्या कडेने निर्धोक चालता यावे, यासाठी ग्रामपंचायतींनी ठराव करावेत, असे मला मनापासून वाटते.

चालायला जायचे असल्यास दिवाळीनंतर जावे. हा खारपाणपट्टा आहे, विहिरींचे पाणी खारट असते, म्हणून पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. जुन्या पुलावर मात्र चढू नये; त्याच्या अलीकडेच भराव सोडून नदीकाठी उतरावे.