नारा: जिथे सम्राज्ञींनी राज्य केलं

ओसाकाहून नाराकडे जाणारी किंतेत्सु रेल्वे यामातो-साइदाइजी स्टेशन सोडते आणि लगेचच एका विस्तीर्ण गवताळ माळावरून धावू लागते. हा माळ म्हणजे हेइजो राजवाड्याची जागा. डावीकडे दाइगोकुदेन हा दरबाराचा महाल, उजवीकडे सुझाकु दरवाजा. दोन्ही अलीकडे नव्याने उभारलेले. बहुतेक पर्यटक पुढे हरणांकडे आणि तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाकडे जातात. मी मात्र या माळासाठीच आले होते.

इथे जपानची राजधानी आणली ती गेनमेई या सम्राज्ञीने, ७१० साली. ही कुणा सम्राटाची राणी म्हणून नव्हे, स्वतःच्या अधिकाराने सिंहासनावर बसलेली स्त्री. ७१५ मध्ये तिने गादी सोपवली मुलीला, गेनशोला. पुढे कोकेन आली; तिच्याच काळात, ७५२ साली, महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. हीच कोकेन नंतर शोतोकु या नावाने पुन्हा गादीवर बसली. नारा राजधानी असलेल्या सत्तरेक वर्षांपैकी जवळपास तीस वर्षं स्त्रियांच्या राज्याची. जपानच्या इतिहासात अशा आठ सम्राज्ञी झाल्या.

दाइगोकुदेनमधल्या सिंहासनाच्या प्रतिकृतीसमोर मी बराच वेळ उभी होते. ज्या ‘कोजिकी’ आणि ‘निहोन शोकी’ या ग्रंथांत सूर्यदेवी आमातेरासूपासून चालत आलेल्या राजवंशाची कथा आहे, ते सादर झाले अनुक्रमे ७१२ मध्ये गेनमेईला आणि ७२० मध्ये गेनशोला. वंशाची पोथी दोन स्त्रियांच्या हाती आली. आणि आज त्याच वंशाचा कायदा स्त्रीला वारस मानत नाही!

परंपरावादी म्हणतात, त्या आठही जणी पित्याकडून राजवंशातल्याच होत्या, म्हणजे वंश पुरुषांकडूनच चालत आला. गेनशोचे वडीलही राजपुत्र होते. हे खरं आहे, आणि त्यांचा मुद्दा मला समजतो. पण स्त्रीला पूर्ण बंदी आली ती १८८९ च्या मेइजी काळातल्या नियमांनी, आणि १९४७ च्या राजघराणे कायद्याने ती कायम ठेवली. त्याच वर्षी अमलात आलेल्या संविधानाने सम्राटाला ‘राष्ट्राचं आणि जनतेच्या एकतेचं प्रतीक’ ठरवलं, राज्यकारभाराचा अधिकार ठेवला नाही. मग उरतं काय? माजी सम्राट आकिहितो आणि त्यांच्या पत्नी मिचिको आपत्तीग्रस्तांच्या निवाऱ्यांत जमिनीवर गुडघे टेकून लोकांशी बोलत, ते. हे काम आयको का करू शकणार नाहीत? सम्राट नारुहितो यांची ही एकुलती एक मुलगी २०२४ पासून जपानी रेड क्रॉसमध्ये नोकरी करते. सर्वसामान्य नागरिकाशी लग्न केलं, तर आजच्या कायद्याने तिला राजघराणंच सोडावं लागेल. तिची चुलत बहीण माको २०२१ मध्ये तशीच बाहेर पडली.

२००५ मध्ये सरकारी समितीने स्त्री वारसाला मान्यता द्यावी असं सुचवलं होतं. २००६ मध्ये नारुहितो यांचे पुतणे हिसाहितो जन्मले आणि विषय मागे पडला. आता त्या पिढीत ते एकटेच पुरुष वारस. संसदेत चर्चा आहे ती राजकन्यांनी लग्नानंतरही घराण्यात राहण्याची आणि १९४७ मध्ये बाहेर पडलेल्या शाखांतले पुरुष दत्तक घेण्याची. मूळ प्रश्न दोन्ही उपाय टाळतात, असं माझं स्पष्ट मत आहे. मला काळजी वाटते ती हिसाहितो यांच्या भावी पत्नीची. नारुहितो यांच्या पत्नी मासाको यांनी मुलगा व्हावा म्हणून जो दबाव वर्षानुवर्षं सोसला, तो तिच्या वाट्याला अधिकच येईल, कारण तेव्हा वारसाला पर्याय म्हणून दीर नसेल, पुतण्या नसेल.