गोळ्या लागू पडल्या आणि डोकं पुन्हा दुखू लागलं

चाळिशीतल्या या रुग्णाच्या केसपेपरवर निदान आधीच होतं: एचआयव्ही, सीडी-४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) फक्त २२, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग. लायपोसोमल अँफोटेरिसिनचा किलोमागे १० मिग्रॅचा एकच डोस, सोबत दोन आठवडे फ्लुसायटोसिन आणि फ्लुकोनॅझोल १२०० मिग्रॅ, असे बुरशीवरचे उपचार झाले होते. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या, नियमाप्रमाणे पाचव्या आठवड्यात सुरू केलेली. महिन्याभरात पुन्हा डोकेदुखी, उलट्या, एकाचे दोन दिसणं.

"त्या गोळ्या सुरू केल्यावरच बिघडलं ना, डॉक्टर? मग बंद करा," बहीण म्हणाली. निरीक्षण अगदी बरोबर होतं. विषाणू दबला, प्रतिकारशक्तीच्या पेशी परतल्या आणि मेंदूच्या आवरणात उरलेल्या बुरशीच्या अवशेषांवर तुटून पडल्या. यालाच आम्ही आयरिस म्हणतो. पण गोळ्या बंद केल्या तर सीडी-४ वाढणार कुठून? (ही बुरशी कबुतरांच्या विष्ठेत असते, म्हणून चबुतऱ्यावर कबुतरांना दाणे टाकल्यानं झालं का, हाही प्रश्न आला. वडोदऱ्यात तो येतोच. एचआयव्हीत बहुधा जुना, दडून बसलेला संसर्गच उचल खातो.)

मात्र आयरिस हे नाव शेवटी द्यायचं; आधी बुरशीच पुन्हा वाढलेली नाही ना, ते पाहायचं. फ्लुकोनॅझोलच्या गोळ्या मोजल्या, चुकलेल्या नव्हत्या. टीबीसाठी रिफाम्पिसिनही चालू नव्हतं, त्यानं फ्लुकोनॅझोलची रक्तातली पातळी उतरते. पाठीतून काढलेल्या, मेंदूभोवतीच्या पाण्यात पेशी ३ वरून ८५ झालेल्या. बुरशी शोधणाऱ्या इंडिया इंक आणि अँटिजेन या तपासण्या पॉझिटिव्ह, पण ते मेलेल्या बुरशीनंही महिनोन्‌महिने येतात. निकाल कल्चरचाच, म्हणजे जिवंत बुरशी वाढते का ते पाहण्याचा.

मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब तोवर थांबत नाही. सीटी पाहून, पाठीतून पाणी काढण्यासाठी कुशीवर निजवलं. सुई आत गेल्यावर पाय सैल सोडायला लावायचे, नाहीतर आकडा खोटा वाढतो. दाब मोजायचा मॅनोमीटर नव्हता, म्हणून निर्जंतुक एक्स्टेन्शन ट्यूब उभी धरून सुईच्या पातळीपासून पट्टीनं मोजलं: ३८ सेंमी. २० च्या खाली येईपर्यंत पाणी काढलं, आणि पुढे रोज. मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल इथे उपयोगाचं नाही, तरी बाटली टांगली जातेच.

रेसिडेंटनं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड लिहून ठेवलं होतं, ते खोडलं. बुरशी जिवंत असताना ते दिल्यास अपंगत्व वाढतं आणि बुरशी हटायला वेळ लागतो, हे २०१६ च्या चाचणीत दिसलं. ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. कल्चर येईपर्यंत अँफोटेरिसिन पुन्हा सुरू केलं. ते मूत्रपिंडांना जड जातं, म्हणून आधी एक लिटर सलाईन, रोज पोटॅशियम, क्रिएटिनिनवर नजर.

दहा दिवसांनी कल्चर निगेटिव्ह आलं. मग स्टिरॉइडनं दडलेले जंत उसळू नयेत म्हणून आधी आयव्हरमेक्टिन देऊन प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड किलोमागे १ मिग्रॅ सुरू केलं आणि सहा आठवड्यांत उतरवत नेलं. फ्लुकोनॅझोल तसंच चालू ठेवलं. डोकेदुखी तिसऱ्या दिवशी हटली. एकाचे दोन दिसणं मात्र स्टिरॉइड संपत आलं तेव्हाही थोडं होतंच.