तुम्ही विचारलंत म्हणून : उताणा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुम्ही म्हणजे जामसंड्याच्या बाजारात हातातली पिशवी खाली न ठेवता पाऊण तास बोलणाऱ्या काकी, बँकेतल्या माझ्या दोघी मैत्रिणी, ह्यांच्या मुंबईच्या आत्या, आणि सध्या जिच्या जिच्या घरी महिना-दोन महिन्यांचं बाळ दूध टाकतंय ती प्रत्येक जण. प्रश्न एकच. "एवढं दूध टाकायचा तुझा मुलगा, आणि तू त्याला उताणा झोपवायचीस? उशी नाही, झोळी नाही. झोपेत दूध घशात गेलं असतं म्हणजे?"

तीन वर्षं मी याला एक पाठ केलेलं उत्तर देत आलेय. उत्तर बरोबर आहे. पण मी त्याला उताणा झोपवायला लागले ते त्या उत्तरामुळे नाही.

बाळंतपणाला माहेरी का गेले नाही, नवरा त्या चार महिन्यांत किती वेळा आला, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते सोडून देते.

लेक जूनमधला. पहिले दोन आठवडे गुणी बाळ. तिसऱ्यापासून दूध वर यायला लागलं. तोंडाच्या कडेने ओघळणारी गुळणी सगळीच बाळं टाकतात, तिचं मला काही वाटलं नसतं. हा प्यायला की दहा मिनिटांत पाठीची कमान करायचा, मान मागे टाकायचा, लालबुंद होऊन रडायचा. मग घशात घोट अडकल्यासारखा आवाज, आणि माझ्या खांद्यावर गरम, आंबट, दह्याच्या गुठळ्यांसारखं काहीतरी. कधी नाकातूनसुद्धा. पुसून होतंय तोवर परत भूक. पावसात दुपटी वाळत नाहीत. निखाऱ्यांवर टोपली पालथी घालून तिच्यावर पसरायची, त्यामुळे घरभर धूर आणि विरजण असा मिळून एक वास. माझ्या एका शालीला तो अजून येतो. नवरा म्हणतो, येत नाही.

घरात निदानाला तोटा नव्हता. कुणी म्हणालं दृष्ट लागली. कुणी म्हणालं हिने कुळथाची पिठी खाल्ली. सासूबाईंचं म्हणणं, "दूध पातळ आसा तुझा. चमचाभर पेजेचा पाणी दी, खाली बसात." मी त्यांच्यावर भडकले. महिन्याच्या बाळाला पेज? सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंब नाही, हे आशाताईंनी इतक्या वेळा सांगितलं होतं की भिंतीवर लिहायचं तेवढं बाकी होतं. पुढे कळलं की घट्ट केलेलं दूध कमी वर येतं हे खरं आहे, आणि बाटलीचं दूध पिणाऱ्या काही बाळांना तपासून डॉक्टरच तसं द्यायला सांगतात. म्हणजे सासूबाईंचा तर्क काही वेडा नव्हता. पेज मी तरीही दिली नसती, पण भडकले नसते. (भडकलेही असते. झोप नव्हती.)

घुटीच्या सहाणेवरून झालं ते सांगत बसत नाही. मध मात्र कुणाला चाटवू दिला नाही, आणि वर्षाच्या आत मध नाही यावर मी आजही कुणाचं ऐकून घेत नाही.

पाचव्या आठवड्यात भाड्याची गाडी करून शिरगाव, नांदगाव करत कणकवलीला बाळांच्या डॉक्टरांकडे गेलो. सगळा रस्ता हा माझ्या पदरावर. तिथल्या मॅडमनी आधी बाळाला हात लावलाच नाही, आशाताईंची नोंद मागितली. त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी येऊन वजन करून गेल्या होत्या. जन्माचं २ किलो ८००, चौदाव्या दिवशी २ किलो ८५०, अठ्ठाविसाव्या दिवशी ३ किलो २५०. "दिवसाला वीस-तीस ग्रॅम वाढलं की पुष्कळ. हा वाढतोय. दूध टाकतोय ते तुमच्या खांद्यावर जास्त दिसतं, त्याच्या पोटात त्याहून जास्त राहतं." अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला झडपेसारखा स्नायू एवढ्या लहान बाळात कच्चाच असतो, त्यात खाणं सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, मग वर येणारच, म्हणाल्या. चौथ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त होईल, बसायला लागला की उतरेल, वर्षाच्या सुमारास बहुतेकांचं थांबतं.

चौथ्या महिन्यापर्यंत वाढत जाणार, हे ऐकायला मी दीड तास प्रवास करून गेले नव्हते. मी औषध मागितलं. शेजारच्या बाळाला ड्रॉप्स दिलेत, हेही सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "औषधाने आम्ल कमी होईल, दूध वर यायचं थांबणार नाही. वजन वाढणाऱ्या बाळाला मी देत नाही." उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, प्रत्येक पाजणीनंतर पिचकारीसारखी लांब उडायला लागली, लघवी कमी झाली किंवा वजन थांबलं, तर मात्र रात्र न बघता या. एरवी थोडं थोडं पाजा, मधेच ढेकर काढा, पाजल्यावर वीस-तीस मिनिटं उभा धरा. "आणि मग पाठीवर झोपवा. सपाट. उशी नको, गादीखाली काही सरकवायचं नाही."

माझ्या घरी राईची उशी होती आणि गादीखाली जेवायचा पाट. मी गप्प राहिले. मग तुम्ही मला विचारता तोच प्रश्न मी त्यांना विचारला.

त्यांनी चिठ्ठीच्या मागे पेनाने दोन नळ्या काढल्या. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका तिच्या मागे. बाळ उताणं असलं की श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत जायचं तर चढ चढावा लागतो, आणि निरोगी बाळ ते गिळतं नाहीतर खोकून टाकतं. पालथं घातलं की उलट, चढाचा उतार होतो. अमेरिकेत १९९४ पासून सगळ्या आयांना पाठीवरच झोपवा म्हणून सांगायला लागले, तेव्हा बाळं झोपेत अचानक दगावण्याचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आलं, आणि दूध अडकून मरणारी बाळं वाढली नाहीत. हे माझं पाठ केलेलं उत्तर. ती चिठ्ठी अजून आहे.

चिठ्ठी घेऊन मी घरी आले आणि त्याला झोपवलंच नाही.

कागदावरच्या नळ्या कागदावर ठीक. रात्री दोन वाजता नाकातून दूध येताना मी बघत होते, मॅडम नव्हत्या. उभा धरला की शांत असायचा, आडवा केला की कमान. मग मी अर्ध्या तासाचा एक तास केला, तासाचे दोन, आणि शेवटी रात्रभर. माजघरात आजेसासऱ्यांची आरामखुर्ची आहे, लांब हातांची, कापडाची. त्या कापडाला मधोमध चांगलीच झोळ आलेली. तिच्यात टेकून मी त्याला छातीवर उभा धरून बसायचे. मुंबईहून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या बाळाच्या बापाला मी फोनवर सांगितलं होतं, "मी झोपतच नाही, त्यामुळे काळजी नको." अभिमानाने सांगितलं होतं.

ती रात्र गटारीच्या आदल्या की तिच्या आदल्या दिवसाची. बाळ सातव्या आठवड्यात. दुपारपासून पाऊस धरलेला, लाइट संध्याकाळीच गेलेली, इन्व्हर्टरने दहाला मान टाकली. सव्वादोनला पाजलं. ढेकर काढला. खुर्चीत बसले, अंगावरून शाल घेतली कारण माजघरात गारवा होता. मोबाइलवर दोन चाळीस बघितल्याचं आठवतं. कौलांवरून पडणारं पाणी अंगणातल्या बादलीत पडत होतं, त्याचा आवाज मी मोजत होते, झोप येऊ नये म्हणून. एकशे काहीतरीपर्यंत मोजले.

लाइट आली म्हणून जाग आली. पंखा सुरू झाला, डोळ्यांवर ट्यूब. आधी वाटलं बाळ पाळण्यात आहे आणि मी निवांत आहे. एवढं बरं वाटलं. मग खांद्यावरचं फडकं दिसलं, नुसतंच. तो माझ्या डाव्या कुशीत घसरला होता, माझ्या बरगड्या आणि खुर्चीचं कापड यांच्या मधल्या खळग्यात. पाय वर. तोंड शालीच्या घडीत. रडत नव्हता.

मी त्याला उचललं ते काखेत धरून की पायाला धरून, आठवत नाही. मान लुळी होती, पण सात आठवड्यांच्या बाळाची मान लुळीच असते, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं आणि सुचलं नाही. चेहरा घामाने ओला, गालावर शालीच्या विणीचे चौकोन उमटलेले. मी त्याच्या तोंडात बोट घातलं. का, माहीत नाही. त्याने एक लांब श्वास घेतला, हुंदका देताना मधेच अडकतो तसा, आणि माझ्या अंगावर भली मोठी गुळणी टाकली. मग रडला. तो आंबट वास आला आणि मी खाली जमिनीवर बसले.

चार दहा झाले होते. दोन चाळीस ते चार दहा. त्यातला किती वेळ तो शालीत होता, ते मला कधीच कळणार नाही.

सासूबाई उठून आल्या. "काय झाला गो?" मी म्हटलं, काही नाही, दूध टाकलं. त्यांनी फडकं आणून दिलं.

हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही; तो हे इथेच वाचेल.

सकाळी मी उशी काढली, पाट काढला. माजघराच्या तुळईला टांगलेली जुन्या साडीची झोळी सोडवली. बारशाचा लाकडी पाळणा माझ्या खाटेशेजारी ओढला, झुलू नये म्हणून सुंभाने पायांशी जखडून टाकला. आत पातळ घट्ट गादी, ताणून खोवलेली चादर, आणि उताणा मुलगा. तासन्‌तास रडला. दूध टाकलं, खोकला, गिळलं, मान वळवली. मी शेजारी बसून चिठ्ठीतल्या नळ्या आठवत राहिले. "पोराक फळयेर निजवतंस?" सासूबाई म्हणाल्या, आणि दुपारपर्यंत आळीत गेलं की देसायांची सून पोराला फळीवर निजवते आणि पाळणा बांधून ठेवते.

पाठीवर झोपवून त्याचं दूध टाकणं थांबलं, असं कुणाला वाटत असेल तर नाही थांबलं. एका थेंबाने कमी झालं नाही. मॅडम म्हणाल्या तसं चौथ्या महिन्यात कळस झाला. सहाव्यात बसायला लागल्यावर उतरलं, अकराव्यात एक दिवस लक्षात आलं की आठवडाभर खांद्यावर फडकं घेतलेलं नाही. म्हणून "काय केलंस गो, आमच्या बाळाला पण सांग" असं विचारता तेव्हा मला सांगण्यासारखं काही नसतं. पाजायचं, उभं धरायचं, दिवस मोजायचे.

त्या सातव्या आठवड्यातल्या बाईशी मी अजून भांडते. तुला मॅडमनी सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. त्याचा श्वास अडकेल या भीतीने तू त्याला अशा जागी धरून बसलीस जिथे तो खरोखर अडकला. ती म्हणते, मग पहाटेपर्यंत दुसरं कोण धरणार होतं? एवढ्यावर मी नेहमी गप्प बसते, कारण उत्तर मला माहीत आहे. दुसऱ्या खोलीत सासूबाई होत्या. रोज रात्री दारात येऊन म्हणायच्या, "दी गो हडे, तू जरा पड." पेजेवरून झालेल्या भांडणानंतर मी देत नव्हते.

झोळीचंही तसंच. "माझी तीनय पोरां झोळयेत वाढली, काय झाला?" असं त्या विचारतात. काहीच झालं नाही. त्यातल्या एकाशीच मी लग्न केलंय. माझ्याकडे अमेरिकेतले आकडे आहेत, त्यांच्याकडे तीन धडधाकट माणसं.

आता नणंद बाळंतपणाला आलीय. मुलगी झाली, अठरा दिवसांची आहे, आणि परवापासून दूध टाकायला लागलीय. काल रात्री नणंद आरामखुर्चीत बसलेली दिसली, बाळ छातीवर, अंगावर शाल. मी म्हटलं, दे माझ्याकडे, तू पड. "नको वहिनी, मी जागी आहे," ती म्हणाली.

मी समोर स्टूल घेऊन बसले. ती मला जा म्हणाली नाही. आज सकाळी सासूबाईंनी झोळीची साडी माळ्यावरून काढून धुतली आणि पडवीत वाळत घातलीय. दोघींनाही मी अजून काही सांगितलेलं नाही. पाऊस आहे, साडी वाळायला दोन दिवस तरी लागतील.